खडकवासल्याला भरती येत नाही

गेल्या अमावास्येला मामीचा फॉरवर्ड आला. चंद्र एवढा मोठा समुद्र ओढतो, माणसाच्या शरीरात सत्तर टक्के पाणी, मग मनावर परिणाम होणार नाही का, आणि शेवटी नेहमीचं वाक्य, "आता विज्ञानही हेच सांगतं". एरवी मी हात जोडलेला इमोजी पाठवून सुटका करून घेतो, पण त्या दिवशी काय अंगात आलं कोण जाणे, लिहून बसलो की मामी, खडकवासल्याच्या धरणात तर शंभर टक्के पाणी आहे, तिथं कधी भरती आल्याचं ऐकलंय का? मामीचा रिप्लाय नाही. दोन दिवसांनी मामाचा फोन, "काय लिहिलंस रे तिला?"

मामाला फोनवर जे सांगितलं तेच इथं जरा नीट सांगतो. भरती पाण्यामुळे येत नाही, लांबीमुळे येते. चंद्र पृथ्वीची त्याच्याकडची बाजू जरा जास्त ओढतो आणि पलीकडची जरा कमी, आणि या दोन बाजूंत जवळजवळ १२,७०० किलोमीटरचं अंतर आहे म्हणून तो फरक समुद्रात दिसतो. साडेपाच फुटी माणसाच्या डोक्यात आणि पायात हा फरक किती पडतो ते कागदावर पाच मिनिटांत निघतं, पृथ्वी आपल्याला जेवढं खाली ओढते त्याचे साधारण ३३ लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. एवढ्यानं कुणाचं डोकं फिरत असेल तर शेजारून ट्रक गेल्यावर काय व्हायला पाहिजे!

मामीचं सोडा, ती निदान फुकट पाठवते. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मध्यंतरी दोन दिवसांचं शिबिर झालं, नावात "क्वांटम" होतं, फी बऱ्यापैकी होती आणि बायकोनं आधीच भरली होती म्हणून मीही जाऊन बसलो. मी फिजिक्समध्ये एमेस्सी केलं, पुढं सगळी नोकरी कॉम्प्युटरवर गेली, म्हणजे तज्ज्ञ वगैरे अजिबात नाही, पण जेवढं शिकलो त्यातलं थोडं शिल्लक आहे. स्टेजवरच्या गृहस्थांनी पडद्यावर दोन फटींचा प्रयोग दाखवला आणि सांगितलं की इलेक्ट्रॉनकडे कुणी बघत नसतं तेव्हा तो लाटेसारखा वागतो आणि फटींपलीकडे पट्टे उमटतात, बघितलं की कणासारखा आणि पट्टे जातात, म्हणजे निरीक्षकाच्या जाणिवेनं वास्तव बदलतं, म्हणजे तुम्ही मनात जे धराल ते घडेल, आणि इथून पुढं गाडी थेट कर्ज फिटणं, मुलाचं लग्न जमणं आणि गुडघेदुखी यांवर गेली. हॉलमध्ये शंभरेक माणसं, सगळी शिकलेली, निम्मी वहीत लिहून घेत होती.

यात एक गोची आपल्या भाषेनंही करून ठेवलीय. मूळ "ऑब्झर्व्हर" या शब्दाला आपण "निरीक्षक" केलं, आणि निरीक्षक म्हटलं की आपल्याला एक माणूसच दिसतो, फौजदार नाहीतर शाळा तपासायला आलेला साहेब. प्रयोगशाळेत तिथं माणूस नसतोच. इलेक्ट्रॉन कुठल्या फटीतून गेला याची खूण कुठंतरी उमटली की काम झालं, मग ती खूण कुणी वाचो न वाचो. व्हिएन्नात १९९९ साली भौतिकशास्त्रज्ञ अँटोन झाइलिंगर यांच्या गटानं कार्बनच्या साठ अणूंचा, फुटबॉलसारख्या घडणीचा रेणू घेऊन हाच प्रयोग केला आणि त्याचेही पट्टे दिसले, आणि पुढं असंही दाखवलं की नळीत थोडी हवा सोडली की हवेचे रेणू येऊन आपटतात आणि पट्टे पुसट होत जातात. आता हवेला जाणीव आहे असं म्हणायचं असेल तर बोलणंच खुंटलं. हां, जाणिवेनं हा सगळा फैसला होतो असं खरोखर म्हणणारा मोठा माणूस होऊन गेला, यूजीन विग्नर, १९६१ साली त्यानं तसं लिहिलं, नोबेल त्यानंतर दोन वर्षांनी मिळालं. पण शिबिरात जे सांगत नाहीत ते हे की पुढं विग्नरनं स्वतःच ते मत सोडून दिलं. आजूबाजूच्या जगाशी सतत होणाऱ्या टकरींमुळेच क्वांटमपण निघून जातं हे गणित त्याला पटलं. आपल्याकडे विग्नरचं पहिलं वाक्य पोचलं, दुसरं पोचायचंच राहिलं.

माझी एक साधी सवय आहे, कुणी ऊर्जा म्हटलं की मी युनिट विचारतो. महावितरण ऊर्जा विकतं आणि युनिटवर पैसे घेतं, एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, मीटर आहे, भांडता येतं. मेंदू साधारण २० वॅटवर चालतो, म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटच्या आसपास, आणि ती सगळी पोळीभातातून येते. "घरातली नकारात्मक ऊर्जा" किती युनिट? ती काढल्यावर मीटर किती उतरला? कंपनं म्हणतात तर हर्ट्झ किती? यावर माणसं चिडतात, म्हणतात तुला सगळंच मोजायचं असतं. अहो पण शब्द तुम्ही मोजणाऱ्यांचाच घेतलाय ना! मनःस्थिती म्हणा, घरातलं वातावरण म्हणा, प्रसन्न वाटतं म्हणा, आपल्याकडे यासाठी किती चांगले शब्द आहेत, संतांनी मनावर काय कमी लिहून ठेवलंय का, त्यांना कुठं ज्यूल लागला. फिजिक्सचा शब्द घ्यायचा तो त्याच्या वजनासाठी आणि वजनकाटा मात्र दुकानाबाहेर ठेवायचा, हे काही खरं नाही.

म्हणून मग फिजिक्सवाल्यांनी मनाच्या वाटेला जाऊच नये का? असं मी म्हणत नाही. ब्रिटिश गणिती रॉजर पेनरोज त्या वाटेला गेले, आणि त्यांचं मला अजिबात हसू येत नाही. १९८९ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की माणूस गणितात जे "समजतो" ते कुठल्याही कॉम्प्युटरच्या नियमावलीत बसत नाही, म्हणजे मेंदूत काहीतरी वेगळं फिजिक्स चालू असणार, आणि मग अॅरिझोनातले भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमरॉफ यांच्याबरोबर त्यांनी जागाही सांगितली, पेशीतल्या मायक्रोट्यूब्यूल नावाच्या बारीक नळ्या. जागा सांगितली की तपासता येतं. २००० साली भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी हिशोब केला की मेंदूसारख्या उबदार ओल्या ठिकाणी असली क्वांटम अवस्था सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाइतकीसुद्धा टिकणार नाही, आणि मज्जापेशींचा व्यवहार तर हजाराव्या ते दहाव्या भागात चालतो, मग मेळ कसा बसायचा. हॅमरॉफ मंडळींनी उलट उत्तर दिलं की तुमचं गणित आमच्या मॉडेलचं नाहीच. मग २०२० मध्ये इटलीतल्या ग्रान सास्सोच्या डोंगराखालच्या एका प्रयोगाचा निकाल आला. क्वांटम अवस्था गुरुत्वाकर्षणामुळे मोडते या पेनरोज यांच्या मुळातल्या कल्पनेच्या सर्वांत साध्या रूपात एक अगदी मंद किरणोत्सर्ग दिसायला पाहिजे होता, तो दिसला नाही, म्हणजे ते साधं रूप बाद झालं. त्याच वर्षी पेनरोजना नोबेल मिळालं, पण कृष्णविवरांसाठी. मला हा सगळा प्रकार फार आवडतो. माणसानं धाडस केलं, मार खायची तयारी ठेवली, खाल्लाही. शिबिरातल्या क्वांटमला असा मार खायची सोयच नाही, कर्ज फिटलं तर क्वांटममुळे, नाही फिटलं तर तुमची श्रद्धा कमी पडली.

आणि जाणिवेचं कोडं सुटलंय असं तर कुणीच म्हणू नये. मूळचे फिजिक्सचेच असलेले क्रिस्टॉफ कॉख यांनी १९९८ साली तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली होती की २५ वर्षांत मेंदूतली जाणिवेची स्पष्ट खूण सापडेल, आणि २०२३ मध्ये भर सभेत त्यांनी वाइनच्या बाटल्या देऊन हार कबूल केली. त्याच वर्षी जाणिवेचं माप एका आकड्यात सांगू पाहणाऱ्या एका नावाजलेल्या सिद्धांताला शंभराहून जास्त संशोधकांनी सही करून छद्मविज्ञान म्हटलं आणि त्यावरून आपसात जोरदार जुंपली. म्हणजे घरातल्यांचंच अजून एकमत नाही, आणि आपल्याकडे हॉल भाड्यानं घेऊन निकाल लावून मोकळे.

आता माझा खरा मुद्दा. माणसाला समजून घ्यायला फिजिक्स उपयोगी पडतं, चांगलंच पडतं, पण एका माणसाच्या आत शिरायला नव्हे. गर्दीसाठी. ते शास्त्रच गर्दीचं आहे. डब्यातल्या हवेचा एकेक रेणू कुठं चाललाय ते कुणाला सांगता येत नाही, पण दाब किती ते बिनचूक सांगता येतं, हा फिजिक्सचा खरा हातखंडा. गंमत म्हणजे ही युक्ती थोडीफार माणसांकडूनच उचललेली आहे! केटले नावाचा बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ, त्यानं १८३५ मध्ये जन्ममृत्यू, उंची, गुन्हे यांचे आकडे मांडून दाखवलं की एकेक माणूस लहरी असला तरी देशाचे आकडे वर्षानुवर्षं जवळपास तेच येतात, आणि याला त्यानं नाव दिलं सामाजिक भौतिकी. त्या कामावरचा एक लेख भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या वाचनात आला, आणि १८६० मध्ये मॅक्सवेलनं वायूच्या रेणूंचे वेग कसे वाटलेले असतात ते त्याच धाटणीच्या गणितानं मांडलं. म्हणजे वायूचं शास्त्र काही अंशी माणसांच्या शिरगणतीतून आलंय, त्यामुळे ते परत माणसांना लावण्यात मला काही जबरदस्ती दिसत नाही.

मेंदूच्या बाबतीतही फिजिक्स जिथं चाललं ते गर्दीतच. जॉन हॉपफील्ड यांनी १९८२ मध्ये चुंबकाच्या अणूंचं गणित घेऊन स्मरणशक्तीचं मॉडेल केलं. घाटात पाऊस कुठंही पडला तरी पाणी जवळच्या दरीत जाऊन साचतं ना, तसं आठवण म्हणजे एक दरी, अर्धामुर्धा धागा मिळाला तरी सगळं जाळं घरंगळत त्या दरीत जातं आणि पूर्ण आठवण उभी राहते. एका पेशीत काहीच नाही, हजारोंच्या देवाणघेवाणीत सगळं आहे. २०२४ चं फिजिक्सचं नोबेल त्यांना आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारे जेफ्री हिंटन यांना मिळालं ते याच वाटेनं. यात आठवण येते तेव्हा आतून कसं वाटतं यावर एक अक्षर नाही, आणि हॉपफील्डनी तसा आवही आणला नव्हता.

पण ज्या गर्दीत माणसं मरतात तिथं मात्र आपण हे फिजिक्स वापरत नाही, आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे. २५ जानेवारी २००५, वाईजवळ मांढरदेवी, जवळजवळ ३०० माणसं गेली. २९ सप्टेंबर २०१७, एल्फिन्स्टन रोडचा पूल, २३ गेली. एल्फिन्स्टनच्या वेळी सगळीकडे एकच चर्चा, कुणीतरी फुलं पडली म्हणालं आणि ऐकणाऱ्यांनी पूल पडला ऐकलं. असेलही तसं. पण फूल-पूल असले घोटाळे रोज हजार होतात, मोकळ्या पुलावर त्यानं कुणी मरत नाही. पावसामुळे लोक पुलावरच थांबलेले, खालून एकामागून एक गाड्यांतली माणसं चढतायत, पूल अरुंद, म्हणजे दारू ठासून झाली होती, काडी कुणाची यावर आपण महिनाभर वाद घातला.

चेंगराचेंगरी हा शब्दही फसवा आहे. त्यात पाय येतात, पळणं येतं, कुणीतरी कुणालातरी तुडवलं असं येतं, म्हणजे दोष आपोआप लोकांवर. प्रत्यक्षात अशा दुर्घटनांत पुष्कळ जण उभ्या उभ्या जातात, छातीला फुगायला जागा उरत नाही म्हणून. घरात दोन बाय दोन फुटांच्या टाइल्स असतील तर तीनला जरा कमी टाइल्स म्हणजे एक चौरस मीटर. तेवढ्यात तीन-चार माणसं असली तर प्रत्येक जण आपल्या मनानं पाऊल टाकतो. सहा-सातच्या वर गेली की पाऊल तुमचं राहत नाही, मागचा रेटा शरीरातून पुढं जातो आणि जमाव पाण्यासारखा वागायला लागतो, त्यात लाटा उठतात. २००६ च्या हजमध्ये मक्केजवळच्या मीनात, सैतानाला खडे मारायच्या जमारात पुलाजवळ साडेतीनशेच्या आसपास माणसं मेली, त्याचं व्हिडिओ चित्रण डर्क हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी तपासलं तर दिसलं की सुरळीत चालणारी गर्दी आधी थांबत-थांबत सरकायला लागली, मग तिच्यात खळबळ सुरू झाली, माणसं कुठल्याही दिशेला फेकली जायला लागली, आणि मग अनर्थ. गर्दीनं आधी खुणा दिल्या होत्या, वरच्या कॅमेऱ्यात दिसत होत्या. २०२५ मध्ये फ्रान्सच्या संशोधकांनी स्पेनच्या पाम्प्लोना गावातल्या उत्सवाची चित्रणं मोजून दाखवलं की ठराविक दाटीच्या वर गेली की शेकडो माणसं एकत्र गोल डुलायला लागतात, साधारण १८ सेकंदांची एक फेरी, आणि कुणी ठरवून करत नाही. तीच हालचाल त्यांना जर्मनीतल्या २०१० च्या एका दुर्घटनेच्या चित्रणातही सापडली, तिथं २१ जण मेले होते.

लोकलमधून जाणारा लगेच म्हणेल की आमच्या डब्यात रोज याच्या दुप्पट असतात. बरोबर आहे, रेल्वेनंच त्याला "सुपर डेन्स क्रश लोड" असं नाव देऊन ठेवलंय, चौरस मीटरला १४ ते १६. माझ्या मते डबा वाचवतो तो लहान असल्यामुळे, मधे खांब आहेत, भिंती आहेत, गाडी सुटल्यावर मागून नवीन हजार माणसांचा रेटा येत नाही. पूल, जिना, देवळाची चिंचोळी वाट, नदीचा घाट, इथं रेटा येतच राहतो आणि पुढं काय झालंय ते मागच्याला कळत नाही.

यावर एक आक्षेप मला स्वतःलाही पटतो. माणसाला वाळूचा कण समजणं बरं नव्हे. तिथं गेलेली आजी कण नव्हती, नवस फेडायला आली होती. खरंय, आणि ती का आली, रांगेत तास तास उभं राहताना तिला काय वाटत होतं, हे फिजिक्सला कधी कळणार नाही, कळायची गरजही नाही. पण मला सांगा, "आपल्या लोकांना शिस्तच नाही" हे जे आपण दर वेळी म्हणतो त्यात माणसाचा मान मोठा राखला जातो का? चौरस मीटरला आठ माणसं झाल्यावर शिस्तीचा प्रश्नच शिल्लक राहत नाही, तिथं जपानी उभे केले तरी तेच होणार. कण समजणारं शास्त्र निदान मेलेल्या माणसाला दोष देत नाही. मॉडेल सगळं वाचवतं असंही नाही म्हणा. जमारातचा पूल नव्यानं मोठा, अनेकमजली बांधला, आणि २०१५ मध्ये मीनातच दुसऱ्या रस्त्यावर त्याहून मोठा अनर्थ झाला. एक जागा मोकळी केली की दाटी दुसरीकडे सरकते, नळाचं तोंड बोटानं दाबल्यासारखी.

आपल्याकडे हे ज्ञान नव्हतं असंही नाही. पालखी सोहळा बघा, लाखो माणसं, पण दिंड्यांना क्रमांक, रथापुढच्या वेगळ्या, रथामागच्या वेगळ्या, सगळ्यांची दिशा एक, मुक्काम ठरलेला. कुणी समीकरण मांडलं नव्हतं, पण प्रवाह कसा ठेवायचा हे बरोबर उमगलेलं होतं. वारी चालत असते तोवर मला भीती वाटत नाही, भीती वाटते ती सगळी एका जागी पोचतात तेव्हा.

२०२७ ला नाशिकला सिंहस्थ आहे. २००३ च्या सिंहस्थात तिथं ३९ माणसं गेली, चिंचोळ्या रस्त्यात. सध्या पेपरात आकडे वाचतोय, किती कोटी भाविक येणार, किती कोटींची कामं निघणार. मला एक वेगळा आकडा हवाय, अमुक घाटावर, अमुक गल्लीत, अमुक वाजता चौरस मीटरला किती, आणि पाचाच्या वर गेले तर मागचा रस्ता कोण आणि किती मिनिटांत बंद करणार. हे मोजायला क्वांटम लागत नाही. २०१५ च्या सिंहस्थात नाशिकच्याच एका शाळकरी पोरानं आपल्या टीमबरोबर एक चटई बनवली होती, जमिनीवर टाकायची, वरून माणूस गेला की पाऊल मोजलं जायचं. माणूस कोण, कुठल्या गावचा, मनात काय घेऊन चाललाय, तिला काहीच कळत नव्हतं.